आधी बोलायचे की नाही, यावरचा वाद: समलैंगिकता, समलिंगी विवाह आणि ख्रिस्ती पंथ

पुण्याच्या लष्कर भागात 1825 साली बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झालेले सेंट मेरीज चर्च आहे, कॅथलिकांचे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल आहे, मेथडिस्टांचे प्रार्थनामंदिर आहे. पेठांकडे वळले की गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय लागते. या सगळ्या ठिकाणी रविवारी वाचले जाणारे पवित्र शास्त्र जवळजवळ एकच आहे. समलिंगी संबंधांविषयी नेहमी पुढे केली जाणारी वचनेही मोजकीच आहेत: उत्पत्तीचा 19 वा अध्याय, लेवीय 18:22 आणि 20:13, रोमकरांस पत्र 1:26-27, करिंथकरांस पहिले पत्र 6:9 आणि तीमथ्याला पहिले पत्र 1:10. असे असूनही गेल्या सत्तर वर्षांत जगभरातले ख्रिस्ती पंथ या प्रश्नावर जितके दुभंगले, तितके दुसऱ्या क्वचितच एखाद्या प्रश्नावर दुभंगले असतील. हा दुभंग केवळ वचनांच्या अर्थावरून पडला, असे मानणे अपुरे आहे. विषय सभेपुढे आणायचा का, आणायचा तर कोणी आणि निर्णयाचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांवर प्रत्येक पंथाची घटना वेगळी उत्तरे देते, आणि वाद मुख्यतः तिथेच पेटला आहे.

पाप आणि गुन्हा यांची सरमिसळ हा या इतिहासाचा पहिला टप्पा. इंग्लंडमध्ये अशा कृत्यांचा न्याय पूर्वी धर्मन्यायालये करीत. आठव्या हेन्रीच्या काळात, 1533 साली, तो विषय राज्याच्या फौजदारी कायद्यात गेला. मेकॉलेच्या आयोगाने पाया घातलेल्या भारतीय दंड संहितेने 1860 साली तीच दृष्टी कलम 377 च्या रूपाने आपल्याकडे आणली आणि 1862 पासून ते कलम लागू झाले. ज्या देशातून हा कायदा आला, तिथे तो मोडून काढण्याच्या चळवळीत चर्च ऑफ इंग्लंडचा हात होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्या चर्चच्या नैतिक कल्याण मंडळाने 1954 मध्येच या विषयावर अहवाल काढला होता. 1957 च्या वुल्फेंडन समितीच्या शिफारशींना पुढे कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅमसे यांनी उमरावांच्या सभागृहात पाठिंबा दिला आणि 1967 मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये प्रौढांचे खासगीतले, संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले गेले. रॅमसे यांनी या संबंधांना निर्दोष ठरवले नव्हते. पाप असेल ते पोलिसांनी हाताळायचे काम नव्हे, एवढीच त्यांची भूमिका होती. ही मर्यादित भूमिका भारतात पोहोचायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

चर्चच्या आतला वाद पेटला तो अमेरिकेत. ट्रॉय पेरी या पदच्युत पेंटेकॉस्टल पाळकाने 1968 मध्ये लॉस एंजेलिसला मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च स्थापन केले. 1972 मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने उघडपणे समलिंगी असलेल्या विल्यम जॉन्सन यांना पाळकपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी अटलांटा येथे युनायटेड मेथडिस्ट चर्चची सर्वसाधारण परिषद भरली होती. सामाजिक तत्त्वांच्या मसुद्यात समलिंगी व्यक्तींच्या पवित्र मोलाबद्दल आणि त्यांच्या हक्कांबद्दल सौम्य शब्द होते. चर्चा संपत आली असताना टेक्सासच्या एका प्रतिनिधीने, आपण हे आचरण मान्य करीत नाही आणि ते ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत मानतो, अशी पुस्ती जोडायला लावली. आयत्या वेळी सभागृहात सुचवलेली ती दुरुस्ती पुढे बावन्न वर्षे टिकली आणि दर परिषदेत तिच्यावरून मतदान होत राहिले. 2019 च्या सेंट लुईस येथील खास अधिवेशनात ते वाक्य कायम ठेवणारी परंपरावादी योजना 438 विरुद्ध 384 मतांनी संमत झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या सुमारे पाव मंडळ्या (स्थानिक चर्चसमूह) बाहेर पडल्या आणि 2024 च्या शार्लट परिषदेत ते वाक्य व त्यासोबतची पाळकदीक्षा आणि विवाहविधी यांवरची बंदी काढून टाकण्यात आली.

पुण्याच्या मेथडिस्टांचा या मतदानाशी थेट संबंध आला नाही, आणि त्याचे कारण पूर्णपणे घटनात्मक आहे. आफ्रिकेतल्या मेथडिस्ट मंडळ्या अमेरिकी चर्चच्या मध्यवर्ती परिषदांमध्येच राहिल्या, म्हणून त्यांच्या प्रतिनिधींची मते सेंट लुईसला निर्णायक ठरली. इथले मेथडिस्ट मात्र 1981 मध्ये ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वायत्त झाले होते. मत नाही, तेव्हा मत बनवण्याची निकडही नाही. अमेरिकेतली भांडणे इथे बातम्यांच्या रूपानेच पोहोचली.

अँग्लिकनांची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या जगभरच्या चर्चसंस्थांची, गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्यांच्याकडे पोप नाही आणि सर्वांना बांधून ठेवणारी परिषदही नाही. दर दहा वर्षांनी भरणाऱ्या, जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेचे ठराव नैतिक वजनाचे असतात, कायद्याचे नव्हेत. 1978 च्या परिषदेने समलैंगिकतेचा सखोल आणि निःपक्ष अभ्यास व्हावा, असे म्हटले. हा अभ्यास करायचा कोणी, ते न ठरवल्यामुळे काही प्रांतांनी तो केला आणि बहुतेकांनी केला नाही. 1998 मध्ये कँटरबरीजवळच्या केंट विद्यापीठाच्या आवारात जगभरचे बिशप जमले, तेव्हा ही वीस वर्षांची दरी उघडी पडली. सभागृहाबाहेर नायजेरियाचे बिशप इमॅन्युएल चुकवुमा यांनी समलिंगी ख्रिस्ती चळवळीचे रिचर्ड कर्कर यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्यातले भूत काढण्याचा प्रयत्न केला, आणि तो कॅमेऱ्यांसमोर केला. आत ठराव 1.10 हा 526 विरुद्ध 70 मतांनी संमत झाला. 45 जण तटस्थ राहिले. त्या ठरावाने समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत ठरवले, पण समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याची बांधिलकीही त्याच ठरावात लिहिली. पुढची सारी भांडणे एका परीने या दोन वाक्यांची आहेत. ऐकून घेणे म्हणजे निर्णय पुन्हा खुला करणे, अशी धास्ती एका बाजूला होती. ऐकून न घेताच निर्णय झाला, ही तक्रार दुसऱ्या बाजूला. माझ्या मते दोन्ही बाजूंनी ठराव नेमका वाचला होता. एकमेकांशी न जुळणारी वचने देऊन परिषदच मोकळी झाली होती.

पुढचे टप्पे सर्वज्ञात आहेत. 2003 मध्ये उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन अमेरिकेत न्यू हॅम्पशायरचे बिशप झाले, 2008 मध्ये नाराज बिशपांनी जेरुसलेमला गॅफकॉन ही स्वतंत्र परिषद भरवली, आणि 2022 च्या लॅम्बेथमध्ये या विषयावर मतदानच टाळण्यात आले. चर्च ऑफ इंग्लंडने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना फेब्रुवारी 2023 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि डिसेंबरात त्या वापरात आणल्या. चर्चमध्ये विवाह लावणे मात्र आजही नाही.

पुण्यातला अँग्लिकन वारसा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे, म्हणजे सीएनआयकडे आला, आणि इथे कथेला वेगळे वळण मिळते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय स्थापन झाले: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मिळून झालेले संयुक्त चर्च, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. त्या वेळी या सर्वांचे विवाहाविषयीचे मत एकच होते, त्यामुळे ऐक्याच्या दीर्घ वाटाघाटीत बाप्तिस्मा आणि बिशपपद यांवर खल झाला. विवाह कोणाचा हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. आज त्यांच्या मूळ संस्था चार दिशांना गेल्या आहेत. ब्रिटिश मेथडिस्टांनी 2021 मध्ये समलिंगी विवाह चर्चमध्ये लावण्यास परवानगी दिली. चर्च ऑफ स्कॉटलंडने 2022 मध्ये तयार असलेल्या पाळकांना तशी मुभा दिली. अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रदरेनचे 1983 चे निवेदन मात्र समलिंगी सहजीवनाला नकार देणारे आहे. एखाद्या एकत्र कुटुंबातल्या सुनांची माहेरे आपसांत भांडू लागावीत आणि घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढू नये, तशी सीएनआयची अवस्था आहे. बोलायला सुरुवात केली की प्रत्येकीला आपले माहेर आठवणार, ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

कॅथलिक चर्चमध्ये निर्णयाचा अधिकार कोणाचा, याबद्दल संदिग्धता नाही. म्हणून तिथला झगडा बोलण्याच्या जागेवरून झाला. अमेरिकेत 1969 पासून ‘डिग्निटी’ ही समलिंगी कॅथलिकांची संघटना चर्चच्याच वास्तूंत सभा आणि मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) भरवीत असे. 1986 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाचे प्रमुख कार्डिनल रॅटझिंगर यांच्या सहीने निघालेल्या पत्राने बिशपांना बजावले की, चर्चच्या शिकवणुकीला छेद देणाऱ्या संघटनांना कोणताही पाठिंबा देऊ नये आणि चर्चच्या इमारती वापरू देऊ नयेत. त्यानंतर अनेक शहरांत या सभा चर्चबाहेर गेल्या. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा व्यक्तींशी आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने वागावे, अन्याय्य भेदभाव करू नये, असे सांगितले. कृत्यांबद्दलचा निषेध कायम राहिला. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये विमानात पत्रकारांशी बोलताना ‘न्याय करणारा मी कोण?’ असे म्हटले तेव्हा शिकवणुकीत काहीच बदलले नव्हते, पण बोलण्याचा सूर बदलला होता. 2021 मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येत नाही, असे स्पष्ट केले. 18 डिसेंबर 2023 रोजी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या प्रार्थना सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच व्हॅटिकनने विवाहविधीशी साम्य नसलेल्या अनौपचारिक आशीर्वादाला परवानगी दिली. आफ्रिकेतल्या बिशपांनी काही आठवड्यांत आपल्या खंडापुरता त्याला नकार कळवला. त्याच सुमारास व्हॅटिकनने काढलेल्या खुलाशात हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा, असे सुचवले होते. आशीर्वादाचे सेकंद मोजण्याची वेळ रोमवर यावी, यातच तडजोडीची कसरत दिसते.

पुण्याला या घडामोडींत विशेष स्थान आहे, कारण भारतातल्या कॅथलिक धर्मशिक्षणाचे हे मोठे केंद्र आहे. कँडीहून 1955 मध्ये इथे आलेली पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ यांतून देशभरचे फादर घडतात. प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरीही 1983 मध्ये यवतमाळहून पुण्यात, बिबवेवाडीला आली, आणि तिथे अनेक पंथांचे विद्यार्थी एका वर्गात बसतात. वर्गातल्या वादाला मुभा असते. तोच विद्यार्थी पाळक होऊन एखाद्या मंडळीत रुजू झाला, की पास्टोरेट कमिटी (मंडळीची कारभार समिती), महिला मंडळ आणि वर्गणीदार कुटुंबे यांच्यासमोर त्याला हा विषय काढवत नाही.

भारतीय चर्चसंस्थांना अखेर बोलते केले ते न्यायालयांनी. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम 377 प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निर्णय दिला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत ‘अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स’ आणि उत्कल ख्रिस्ती संघटना होत्या. 11 डिसेंबर 2013 रोजी तो निर्णय उलटला, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी कॅथलिक चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे जाहीरपणे सांगितले. समलिंगी विवाहाला मात्र त्यांचा विरोध होता. रॅमसे यांनी केलेला पाप आणि गुन्हा यांतला भेद इथे पुन्हा दिसतो. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने लैंगिक विविधतेवर संवादासाठी एक मंचही उभा केला. पण ही परिषद सभासद चर्चसंस्थांना काही बंधनकारक करू शकत नाही, त्यामुळे तिची पत्रके धर्मप्रांतांच्या कार्यालयांपलीकडे मंडळीपर्यंत पोहोचतीलच, अशी शाश्वती नसते. अखेर 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालाने कलम 377 खालचा हा गुन्हा कायमचा गेला.

विवाहाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. ख्रिस्ती विवाह 1872 च्या कायद्याने होतात; त्यात पाळकाला विवाह लावण्याचा परवाना मिळतो आणि भारतीय ख्रिस्ती वराचे वय किमान 21, वधूचे 18 असावे, अशा भाषेत अटी लिहिलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या सुनावणीत व्यक्तिगत कायद्यांना हात न लावता चर्चा विशेष विवाह कायद्यापुरती ठेवली आणि 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतल्या पाळकांपुढे असलेला पेच, म्हणजे दारात आलेल्या विवाहित जोडप्याचे काय करायचे, तो इथे कायद्याने उभाच राहत नाही.

पुण्यात गप्प राहण्यामागे धर्मशास्त्रापेक्षा समाजाची घडण अधिक आहे, असे मला वाटते. मराठी ख्रिस्ती समाज लहान, सोयरीक ठरलेल्या वर्तुळातली, आणि बाहेर अल्पसंख्याकपणाचे दडपण. घरातला वाद चव्हाट्यावर आला की सगळ्या समाजाची शोभा होते, ही समजूत जुनी आहे. 1890 च्या पंचहौद मिशनमधल्या चहाच्या प्रकरणातही टिळक-रानड्यांनी चहा घेतला यापेक्षा ते वर्तमानपत्रात छापून आले, यानेच पुणे अधिक हादरले होते. समलैंगिकतेवर शहरात मराठीतून मोकळी चर्चा घडवली ती बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टसारख्या संस्थांनी. कोणत्याही चर्चने नव्हे.

म्हणून इथे हा विषय सभेत न येता पाळकाच्या खोलीत येतो: आईवडील मुलाला घेऊन येतात आणि प्रार्थनेने तो ‘बरा’ व्हावा, अशी विनवणी करतात. असे बदल घडवण्याचा दावा करणारी अमेरिकेतली ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही संस्था 2013 मध्ये माफी मागून बंद झाली. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा उपचारांना मनाई करणारे निर्देश दिले, आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. आयोगाचा हा नियम नोंदणीकृत डॉक्टरांना बांधतो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारा पाळक त्याच्या कक्षेत येत नाही, आणि त्याने अशा वेळी काय करावे, हे ठरवण्याचे काम त्याच्या पंथाच्या सिनडकडेच, म्हणजे सर्वोच्च सभेकडेच, उरते.