सज्ज्यातलं क्रिस्टकिंड: न्यूरेंबर्गच्या नाताळबाजाराची पार्श्वभूमी

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आधीचा शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या हाउप्टमार्क्ट चौकात पाय ठेवायला जागा नसते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडानं शाकारलेल्या दुकानांचे दिवे मालवतात. फ्राउएनकिर्ख या चर्चच्या सज्ज्यात सोनेरी कुरळ्या केसांची, मुकुट घातलेली एक मुलगी येते आणि पद्यातून सगळ्यांचं स्वागत करते. तिला क्रिस्टकिंड म्हणतात. सहलींच्या माहितीपत्रकांत या सोहळ्याला सर्रास 'शेकडो वर्षांची परंपरा' म्हटलेलं असतं. बाजार जुना आहे, हे खरं. सोहळा मात्र १९३३ चा आहे.

आधी नावाचा गुंता सोडवू, कारण मराठीत क्रिस्टकिंडचा 'नाताळबाबा' करून बरेच जण मोकळे होतात. क्रिस्टकिंड म्हणजे ख्रिस्तबाळ. पूर्वी जर्मन मुलांना भेटी मिळत त्या ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाला. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांना संतांची भक्ती मान्य नव्हती. त्यांनी भेटींचा दिवस नाताळावर नेला आणि देणारा म्हणून प्रत्यक्ष ख्रिस्ताला पुढे केलं. न्यूरेंबर्गनं १५२५ मध्येच सुधारकांचा प्रोटेस्टंट पंथ पत्करला होता, म्हणून इथल्या बाजाराला बाळाचं नाव. पुढे गाडी उलटी फिरली. उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट घरांत दाढीवाला नाताळबाबा रुळला आणि क्रिस्टकिंड टिकलं ते मुख्यतः ऑस्ट्रिया-बव्हेरियाकडच्या कॅथलिक घरांत. ते आज ज्या सज्ज्यातून बोलतं, ते चर्चही एकोणिसाव्या शतकापासून कॅथलिकच आहे.

मग बाळाची मुलगी कशी झाली? जर्मनमध्ये 'किंड' नपुंसकलिंगी. मराठी माणसाला हे फोडून सांगायला नको. आपणही 'ते बाळ', 'ते मूल' म्हणतो आणि मुलगा की मुलगी, हे त्या शब्दावरून कळत नाही. नाताळच्या मिरवणुकांत पांढऱ्या झग्यातली मुलगी क्रिस्टकिंड म्हणून चालायची, तेव्हा बाळ आणि देवदूत लोकांच्या मनात एक होत गेले. न्यूरेंबर्गात त्यात राउशगोल्ड देवदूताची भर पडली. राउशगोल्ड म्हणजे पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा, आपल्या बेगडीच्या जातीचा. त्याला बारीक चुण्या घालून घोळदार झगा करतात, वर बाहुलीचं डोकं आणि मुकुट बसवतात. हात लागला की झगा सळसळतो. नावातला 'राउश' म्हणजे हीच सळसळ. ही बाहुली जवळून पाहिली की सज्ज्यातल्या मुलीचा पोशाख कुठून आला असेल, ते लगेच लक्षात येतं.

बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे एक लाकडी डबी. लंबगोल, फुलं रंगवलेली, जेमतेम १९ सेंटिमीटर लांबीची. एका मुलीनं ती दुसरीला 'किंडलेस-मार्क'च्या, म्हणजे बाळाच्या बाजाराच्या, निमित्तानं पाठवल्याचं तिच्या तळाशी लिहिलं आहे आणि पुढे साल आहे, १६२८. १७३७ च्या यादीत शहरातले जवळपास सगळे कारागीर विक्रेते म्हणून दिसतात, सुमारे १४० जण.

चौकाचा इतिहास याहून जुना आणि रक्ताळलेला आहे. १३४९ पर्यंत तिथे ज्यूंची वस्ती होती. ती हटवून बाजारचौक करायला राजा चौथ्या कार्लनं त्या नोव्हेंबरमध्ये परवानगी दिली. ५ डिसेंबरला, म्हणजे संत निकोलसच्या सणाच्या आदल्या दिवशी, वस्तीची कत्तल झाली. किमान ५६२ माणसं मारली गेली. त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागी फ्राउएनकिर्ख उभं राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजाराची रया गेली होती. १८९८ मध्ये त्याला चौकातून हलवून पेग्निट्झ नदीतल्या बेटावर नेलं आणि पुढची पस्तीस वर्षं तो जागा बदलत फिरत राहिला.

१९३३ च्या डिसेंबरमध्ये नाझी महापौरानं तो पुन्हा चौकात आणला. चौकाला तोवर हुकूमशहाचं नाव देऊन झालं होतं. न्यूरेंबर्ग म्हणजे 'जर्मन साम्राज्याची रत्नपेटी' असं चित्र राजवटीला हवं होतं. सप्टेंबरात पक्षाचे मेळावे आणि डिसेंबरात जुन्या, गोड जर्मनीचा देखावा. चर्चचा सज्जा, घंटा, मुलांचं समूहगान, दोन बाजूंना देवदूत आणि मधे पद्य म्हणणारं क्रिस्टकिंड, ही सगळी मांडणी तेव्हाची. १९३५ चे वंशभेदाचे कायदे याच शहराच्या नावानं ओळखले जातात. १९३८ च्या ऑगस्टमध्ये चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं मोठं ज्यू प्रार्थनास्थळ पाडलं गेलं आणि त्या डिसेंबरातही बाजार नेहमीसारखा भरला. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं आणि बाजार बंद पडला. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर ढिगारा झालं.

१९४८ मध्ये बाजार पुन्हा भरवताना शहरानं जो निर्णय घेतला, त्यावर खरं तर अधिक बोललं जायला हवं. सोहळा टाकून देता आला असता. तो ठेवला, फक्त पद्य बदललं. इथल्याच रंगभूमीवरच्या एका माणसानं नवं पद्य लिहिलं आणि एका अभिनेत्रीनं ते सज्ज्यातून म्हटलं. ढिगाऱ्यांत राहणाऱ्या लोकांना दिव्यांची एक संध्याकाळ हवी होती, हे मला पटतं. म्हणून सोहळा ठेवण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याचं जन्मसाल झाकण्याला. १९३३ हे साल प्रत्येक माहितीपत्रकात स्पष्ट छापलं पाहिजे.

१९६९ पासून अभिनेत्रीची जागा शहरातल्या मुलींनी घेतली. दर दोन वर्षांनी निवड होते. वय १६ ते १९, उंची किमान १६० सेंटिमीटर, आणि उंचावर उभं राहून चक्कर येता कामा नये.

२०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतीय. निवड जाहीर होताच एका उजव्या पक्षाच्या म्युनिककडच्या शाखेनं तिचा फोटो समाजमाध्यमावर टाकला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची जी गत झाली तीच आपली होईल, असा त्यासोबतच्या मजकुराचा सूर होता. देशभरातून संताप उसळला, मजकूर काढावा लागला, पक्षाला माफी मागावी लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस ती सज्ज्यात आली, १९४८ पासून चालत आलेलं पद्य तिनं म्हटलं आणि बाजार उघडला. तिच्या दुसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, करोनामुळे चौक रिकामाच राहिला. २०२१ मध्येही दुकानं लागली नाहीत.