क्रीम आयशॅडो

मेण, तेल किंवा सिलिकोन यांत घोटलेला आणि पापणीवर बोटाने वा ब्रशने पसरवायचा रंग म्हणजे क्रीम आयशॅडो. ती डबीत, स्टिकमध्ये किंवा लिपग्लॉससारख्या बाटलीत मिळते. तिचे उपयोग दोन: पावडर आयशॅडोच्या खाली बेस म्हणून, नाहीतर वर काहीही न लावता एकटीच.

मुंबईत तिचे महत्त्व हवेमुळे वाढते. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, ऑक्टोबरमध्ये उकाडा, मार्च उजाडला की पुन्हा घामाच्या धारा. नुसती पावडर पापणीवर दिवसभर नीट राहील असे दिवस जेमतेम डिसेंबर-जानेवारीचे. पण बेस लावला की काम झाले असेही नाही. दुपारी पापणीच्या घडीत जी तेलकट रेघ दिसते ती पुष्कळदा बेसचीच असते. आपल्या हातातले क्रीम सुकणारे आहे की न सुकणारे हे ठाऊक नसते आणि थर जाड बसतो, म्हणून ती पडते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर स्वस्तातली क्रीम आयशॅडोही चोख काम देते. नाही सांभाळल्या तर महागडीही फसते.

घटक आणि दोन जाती

रंगद्रव्ये सगळीकडे साधारण तीच असतात. लोहाच्या ऑक्साइडांपासून पिवळा, तांबडा आणि काळा मिळतो, त्यांच्या मिश्रणातून तपकिरी छटा होतात. टायटॅनियम डायऑक्साइडने पांढरेपणा आणि त्वचा झाकण्याची ताकद येते, अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांनी चमक. खरा फरक पडतो तो हे रंग कशात कालवले आहेत यामुळे.

सुकणाऱ्या जातीत आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन असे उडून जाणारे द्रव असतात. ते उडाले की मागे मेण, रंग आणि ट्रायमिथिलसिलॉक्सिसिलिकेटसारखी राळ यांचा लवचिक पापुद्रा उरतो. मॅकचे पेंट पॉट, मेबलिनचे कलर टॅटू आणि लाँगवेअर (दीर्घकाळ टिकणाऱ्या) म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्टिक या जातीच्या. न सुकणाऱ्या जातीत एरंडेल, पेट्रोलियम जेली, लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण असे पदार्थ असतात आणि ते कधीच उडत नाहीत. नाटक-सिनेमाच्या रंगभूषेतले क्रायोलानचे सुप्राकलर असे आहे. काजळी तुपात किंवा एरंडेलात खलून केलेले घरगुती काजळही रचनेने याच कुळातले, म्हणून ते डोळ्याखाली उतरते.

ओळखायचे कसे? हाताच्या पाठीवर बोटभर पट्टा अगदी पातळ फासावा, दोन मिनिटे थांबावे आणि वरून टिश्यू फिरवावा. टिश्यू कोरा निघाला तर क्रीम सुकणारे, रंग आला तर न सुकणारे. वेष्टनावरूनही अंदाज येतो, कारण १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तीन-चार नावांत आयसोडोडेकेन दिसले की उलगडा झाला.

पावसाळ्यात आणखी एक फरक जाणवतो. पाणी हा मुख्य घटक असलेली लिक्विड आयशॅडो दमट हवेत रेंगाळत सुकते, कारण हवेत आधीच बाष्प भरलेले असते. आयसोडोडेकेनला ही अडचण येत नाही; ते जुलैतही जानेवारीइतक्याच सहज उडते. घामाची भीती मात्र थोडी अवास्तव आहे. घाम म्हणजे बहुतांशी पाणी, आणि सुकलेला पापुद्रा पाण्याने विरघळत नाही. तो सैल होतो त्वचेच्या तेलाने आणि निघतो रुमालाने. घाम आला की टिश्यू नुसता टेकवून उचलावा, पुसू नये.

या प्रसाधनाचे मूळ रंगभूमीच्या ग्रीजपेंटमध्ये, म्हणजे नटांच्या तेलकट-मेणकट रंगात आहे. बर्लिनच्या लुडविग लाइश्नर यांनी १८७३मध्ये ग्रीजपेंटच्या कांड्या विक्रीला आणल्या. मॅक्स फॅक्टर यांनी १९१४मध्ये सिनेमासाठी त्याचे पातळ, न तडकणारे क्रीम बनवले. उडून जाणारी सिलिकोन पुष्कळ नंतर आली, आणि क्रीम रंग रोजच्या वापरात स्थिरावला तो त्यांच्यामुळे.

बेस म्हणून

पावडर आयशॅडोला त्वचेवर धरून ठेवणारे फारसे काही नसते. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, त्यात कण सुटतात, उरलेले तेलात भिजून काळवंडतात. क्रीमचा किंचित चिकट थर कणांना पकडतो, त्वचेची बारीक छिद्रे आणि शिरा झाकतो, आणि रंग डबीत दिसतो तसाच डोळ्यावर उमटतो. शिमर (बारीक चमकीची पावडर) आणि ग्लिटरच्या बाबतीत तर बेसशिवाय अर्धा माल गालावर पडतो.

आधी पापणी कोरडी हवी. आयक्रीम लावायचे असेल तर निदान दहा-पंधरा मिनिटे आधी, आणि मेकअपपूर्वी टिश्यूने टिपून घ्यावे. सनस्क्रीनचा जाड थर पापणीवर असेल तर त्यावर सिलिकोनचे क्रीम घासताना शेवया वळतात. तिथे सनस्क्रीन अगदी पातळ असावे आणि मुरू द्यावे. बाहेरून आल्याबरोबर सुरुवात करू नये. पाच मिनिटे पंख्याखाली बसावे, कारण घामाच्या पातळ पाण्यावर पापुद्रा धरत नाही. फाउंडेशन पापणीवर नेऊच नये. तो आणखी एक थर, आणि घडीत साचायला आणखी एक माल.

दोन्ही डोळ्यांना मिळून मसुराच्या एका डाळीएवढे क्रीम पुरते. ते थेट डबीतून डोळ्यावर न नेता आधी हाताच्या पाठीवर घ्यावे, म्हणजे ते ऊबेने मऊ होते आणि जास्तीचे तिथेच राहते. अनामिकेने पापणीच्या मध्यावर टेकवून दोन्ही कोपऱ्यांकडे न्यावे, मग उरलेल्या बोटाने घडीच्या जरा वरपर्यंत विरवावे. अनामिकेचा दाब हलका पडतो म्हणून ती. कोपऱ्यांत आणि केसांच्या मुळांशी चपटा सिंथेटिक ब्रश बरा. नैसर्गिक केसांचा ब्रश क्रीम पिऊन टाकतो. पापणीच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर जागा सोडावी, कारण तिथे तेलग्रंथींची तोंडे असतात.

सुकणारे क्रीम असेल तर हाताशी सुमारे अर्धे ते एक मिनिट असते. म्हणून एक डोळा पूर्ण करून मगच दुसरा. दोन्हींवर ठिपके देऊन ठेवले की दुसरा वाळतो आणि मग तो घासला तर चट्टे पडतात. लावून झाल्यावर मिनिटभर खाली बघत राहावे. या मिनिटात वर पाहिले तर ओला रंग घडीत छापला जातो आणि तिथेच वाळतो. पापणी झुकलेली किंवा घडी आत दडलेली असेल तर हे मिनिट चुकवता येत नाही.

यानंतरची पायरी पुष्कळांकडून राहते. मॅट (बिनचमकीची) आणि शिमर या दोन्ही पावडरी एकाच प्रकारच्या पृष्ठभागावर चांगल्या बसत नाहीत. गडद मॅट रंग चिकट बेसवर थेट टेकवला तर ब्रश पहिल्यांदा जिथे टेकतो तिथेच अडकतो आणि कितीही ब्लेंड केले तरी तो डाग जात नाही. म्हणून मॅटसाठी सुकलेल्या क्रीमवर आधी त्वचेच्या रंगाची पावडर हलकी फिरवावी, मग घडीचा रंग. शिमरला उलट चिकटपणाच हवा: ज्या भागावर चमक द्यायची तिथे पावडर न घालता शिमर चपट्या ब्रशने किंवा बोटाने दाबून बसवावा. झाडल्यासारखा ब्रश फिरवला की कण उडतात. बेस न सुकणारा असेल तर मात्र त्याचा कणभर भागही पावडरीविना राहणार नाही हे पाहावे, कारण उघडा राहिलेला तुकडा तासाभरात सरकतो.

क्रम नेहमी क्रीम खाली, पावडर वर. पावडरीवर क्रीम घासले की खालचे कण गोळा होऊन ढेकळे होतात, टचअपलाही पावडरच.

बेसच्या छटेबद्दल चुकीचे सल्ले फार फिरतात. पांढरा बेस रंग उठवतो हे खरे, निळा किंवा पोपटी रंग भडक हवा असेल तेव्हा निक्सची मिल्क (दुधी पांढऱ्या) छटेची जंबो पेन्सिल उपयोगी पडते. पण गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर रोजच्या तपकिरी-सोनेरी रंगांखाली पांढरा बेस घातला की सगळे राखाडी दिसते, कारण टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरट झाक वरच्या रंगातून डोकावते. आपल्याकडे पापण्या पुष्कळदा मुळातच चेहऱ्याहून गडद असतात. त्यासाठी त्वचेहून अर्धी छटा उजळ आणि पीचकडे झुकणारा बेस हवा. काळसरपणा जास्त असेल तर नारिंगीकडे. तांबूस-सोनेरी किंवा आमसुली रंगांखाली तांबे छटेचे क्रीम घातले तर रंगाला जी खोली येते ती कोऱ्या बेसने येत नाही. स्मोकी डोळ्यांसाठी काजळाची पेन्सिल पापणीवर ओढून लगेच बोटाने पसरवली आणि वर काळी पावडर दाबली तर वेगळा बेस लागत नाही.

एकटी वापरताना

रोजच्या ऑफिससाठी सुकणाऱ्या स्टिकइतके सोयीचे दुसरे काही नाही. एकच छटा, तपकिरी, ब्राँझ किंवा अंजिरी, पापणीवर दोन-तीन रेघा, कडा बोटाने विरवायच्या. पावडर उडत नाही आणि ब्रशही लागत नाही. ज्या बायका लोकलच्या महिला डब्यात मेकअप उरकतात त्यांनाही हाच प्रकार सोसतो, पण एक पथ्य आहे: धक्क्यात स्टिकचे टोक डोळ्याजवळ नेऊ नये, रंग बोटावर घ्यावा आणि बोट डोळ्यावर न्यावे.

एकटी वापरताना रंग भरगच्च हवा म्हणून जाड थर देण्याचा मोह होतो. एका डोळ्याला एक डाळीएवढे क्रीम घ्यावे, पण ते दोन पातळ थरांत, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. दुसरा थर फक्त घडीखाली, पापणीच्या फुगीर भागावर. घडीत मुद्दाम कमी. तेलकट पापण्यांवर न सुकणारी जात एकटी वापरू नये. फोटोपुरता ओला, चकचकीत डोळा हवा असेल तेव्हाच ती, आणि दर अर्ध्या तासाला घडी बोटाने सारखी करायची तयारी ठेवून.

लग्नातल्या डोळ्यांबद्दल

सकाळच्या मुहूर्ताच्या मराठी लग्नात वधूचा मेकअप पहाटे होतो आणि जेवणाच्या पंगतीनंतरही तो शाबूत लागतो. यात दोन ठिकाणी क्रीम आयशॅडोची परीक्षा होते. होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येते. खालच्या पापणीला न सुकणारे क्रीम किंवा मऊ काजळ असेल तर अश्रू टिपताना तेही उतरते. खाली फक्त सुकणारी स्टिक, अगदी बारीक, आणि ती पूर्ण वाळल्यावर वर त्याच छटेची मॅट पावडर. दुसरे ठिकाण मुंडावळ्या. त्यांचे सर कानशिलावर लोंबतात आणि मान वळली की डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला घासतात. तिकडे ओढलेला ग्लिटरचा पंखा फेऱ्यांपर्यंत विस्कटतो. बाहेरचा कोपरा मॅट ठेवावा, चमक पापणीच्या मध्यावर. पिवळ्या अष्टपुत्रीला ब्राँझ आणि तपकिरी शोभतात. संध्याकाळी शालू बदलताना त्याच बेसवर डाळिंबी किंवा मोरपंखी पावडर दाबली तर डोळे पुसून नव्याने करावे लागत नाहीत.

बिघाड, साठवण, स्वच्छता

घडीत रेघ पडली तर वर पावडर ओतू नये, तिची पेस्ट होते. स्वच्छ बोटाने किंवा कोरड्या कापसाच्या काडीने आधी जमलेला रंग सपाट करून उचलावा, मगच पावडरीचा हलका हात.

सुकणाऱ्या जातीची डबी झाकण सैल राहिले की आटते, कडेपासून सुटते आणि आत चीर पडते. त्यात खोबरेल घालून मऊ करण्याचा उपाय सर्रास सांगतात. त्याने क्रीम मऊ होते खरे, पण पुन्हा नीट सुकत नाही. आयसोडोडेकेन असलेले मिक्सिंग मीडियम (मेकअप पातळ करायचा द्रव) थेंबभर चालते. पाणी किंवा थुंकी कधीच नाही. मेमध्ये बंद गाडीत राहिलेल्या स्टिकवर तेलाचे थेंब येतात, ते मेणातून सुटलेले तेल असते. टिश्यूने टिपून स्टिक एक दिवस थंड जागी उभी ठेवावी. बाथरूममधले कपाट मात्र टाळावे.

वेष्टनावरच्या उघड्या डबीच्या चित्रात ६एम किंवा १२एम असे लिहिलेले असते, ते उघडल्यापासूनचे महिने. डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेली आयशॅडो फेकून द्यावी. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आलेली डोळ्यांची साथ पाहता एकमेकींची डबी न वापरणे हेच शहाणपण. ब्युटीशियनने क्रीम स्टीलच्या पॅलेटवर स्पॅच्युलाने काढून घ्यावे, डबीत बोट किंवा वापरलेला ब्रश घालू नये. ब्रश धुऊन ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत.

क्रॉफर्ड मार्केट आणि आसपासच्या घाऊक गल्ल्यांत माल स्वस्त मिळतो, पण वेष्टनाविना सुटी किंवा सील फुटलेली डबी डोळ्यांसाठी घेऊ नये. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असायलाच हवा. भारतातील नियमांनुसार प्रसाधनांच्या रंगांत शिसे दशलक्षात २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून जास्त चालत नाही. नाव-गाव नसलेल्या डबीत हे कोणी तपासलेले नसते.

काढताना सुकलेला पापुद्रा साबणाने निघत नाही आणि घासले तर पापणी सोलवटते. तेल आणि पाणी अशा दोन थरांचे रिमूव्हर हलवून कापसावर घ्यावे, मिटलेल्या पापणीवर वीस-तीस सेकंद नुसते टेकवून ठेवावे, मग खालच्या दिशेने एकदा ओढावे. खोबरेलानेही निघते, फक्त नंतर चेहरा सौम्य फेसवॉशने धुवावा, नाहीतर उरलेल्या तेलावर दुसऱ्या दिवशीचा बेस धरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालाव्यात आणि मेकअप काढण्याच्या आधी काढाव्यात.