‘मावशी बदलून द्या’ असा फोन करण्याआधी

दिव्यांग मुलासाठी किंवा अंथरुणावरच्या पेशंटसाठी आमच्याकडून अटेंडंट घेतलेल्या घरांतून हा फोन सगळ्यात जास्त येतो. बदली आम्ही देतो, जादा पैसे न घेता. पण मुलाचा घास केवढा, नको असलं की तो मान कशी फिरवतो, हे कळायला नव्या माणसाला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस हाल मुलाचे होतात.

बहुतेक वेळा बिनसतं ते सूचनांवरून. सकाळी आई सांगते, ‘बसवूनच भरवा.’ दुपारी आजी म्हणतात, ‘दमलाय, पडल्या पडल्या भरवा.’ सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या मुलाला आडवं भरवलं की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. मावशींनी आजींचं ऐकलं तर आई रागावते. नाही ऐकलं तर ‘उलट बोलते’ म्हणून तक्रार.

म्हणून सूचना देणारं एकच माणूस ठरवा. पेशंट स्वतः सांगू शकत असेल तर ते माणूस तोच. त्याला विचारल्याशिवाय घरच्यांनीही वेळा बदलू नयेत. बाकीच्यांनी जे सुचवायचं ते त्या एकाला सुचवावं.

आम्ही दिलेली वही पलंगाशेजारी ठेवा, कपाटात नको. औषध ज्याने दिलं त्याने तिथल्या तिथे वेळ लिहून सही करायची, घरच्यांनीसुद्धा. फिटच्या गोळीच्या बाबतीत हे फारच जरुरीचं आहे. बाबा निघताना गोळी देतात, लिहायचं राहतं, आणि आठ वाजता मावशी पुन्हा देतात. नाहीतर दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने दिली असेल. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून मनाने दोन देऊ नका, डॉक्टरांना विचारा. फिट ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट १०८.

कूस दर २ तासांनी बदलायची, तीही वहीत. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या भागावर भार येऊ देऊ नका, चोळू नका, आम्हाला कळवा. नोंद असली की दोष कुणाचा यावर वाद घालत बसावं लागत नाही.

पेशंटचं जेवण भरवणं, कपडे, खोली हे मावशींचं काम. घरच्या पोळ्या नाहीत. यावर काहीजण नाराज होतात, पण स्वयंपाकघरात अडकलेल्या माणसाकडून दोन तासांची कूस हमखास चुकते. पहिले २ दिवस घरचं कुणीतरी थांबा, हा आग्रहही त्यासाठीच: उचलण्याची पद्धत कागदावरून कळत नाही, ती तुमच्या हाताखालीच शिकावी लागते.

शिफ्ट बदलताना १० मिनिटं द्या. चूक दिसली तर त्याच दिवशी सांगा, मात्र मुलासमोर नको. दिवसभर त्याला त्याच हातांवर विसंबायचं असतं.

तिसऱ्या दिवशी आणि पुढे दर पंधरवड्याला आमच्या सुपरवायझर ताई घरी येऊन वही पाहतात. हे महिन्याच्या रकमेतच धरलेलं आहे. काही खटकत असेल तर आधी त्यांना बोलवा. तरीही बदलीच हवी असेल तर २ दिवस आधी कळवा, म्हणजे नव्या मावशींना जुन्या मावशींबरोबर एक पूर्ण दिवस घालवता येईल. त्या दिवसाचे पैसे आम्ही देतो.