कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन: परवानगी कोणाची, कागद कुठले आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

आमच्या शेल्टरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी असा मेसेज येतोच. हलता व्हिडिओ, रस्त्याच्या कडेला कुत्रं पडलंय, मागचे पाय ओढतंय, आणि खाली लिहिलेलं 'याला झोपवून टाका ना प्लीज, बघवत नाही'. बघवत नाही हे खरंच असतं हो, पण तुम्हाला बघवत नाही आणि ते बरं होणारच नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियम फक्त दुसरी विचारतो. मागचे पाय गेलेली कितीतरी कुत्री चाकगाडीवर मजेत फिरतात.

भटक्या कुत्र्यांसाठी 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. त्यात दयामरणाला दोनच दारं ठेवलीत, आजार बरा न होणारा हवा किंवा जखम जीवघेणी हवी. आणि हे ठरवणार पालिकेच्या स्थानिक देखरेख समितीने नेमलेली टीम. म्हणजे म्हातारं झालं, चावतं, सोसायटीत नको, शेल्टरमध्ये जागा नाही, उपचाराला पैसे नाहीत, यातलं एकही कारण चालत नाही. लोक अर्जात नेमकं हेच लिहितात! 'सदर कुत्रा आक्रमक असून' अशी सुरुवात केली की तो अर्ज तिथेच मेला समजा. चावऱ्या कुत्र्याची तक्रार करायची तर वेगळी करा, दोन्ही एका कागदावर घालू नका.

आता तो कागद जो कुणाकडेच नसतो. लेखी निदान. डॉक्टर तोंडी सांगतात 'काही होणार नाही याचं', लोक तेवढ्यावर आमच्या गेटवर येतात, आणि आम्ही परत पाठवतो तेव्हा आम्हीच दुष्ट. लेटरहेडवर निदान, तारीख, सही आणि डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक एवढं हवं. एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट असतील तर जोडा. भटक्याच्या बाबतीत खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीने निर्णय होत नाही, पण टीमच्या डॉक्टरांचं काम सोपं होतं, तपासणी लवकर लागते. गावाकडे अजून एक घोळ होतो, तिथे पशुधन पर्यवेक्षकांनाही सगळे डॉक्टरच म्हणतात. माणसं अनुभवी असतात, पण या कामाला पदवीधर, नोंदणी असलेला पशुवैद्यच लागतो, त्यामुळे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जा किंवा 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा.

पालिका हद्दीत हा विषय बहुतेक आरोग्य खात्यातल्या पशुवैद्यकीय विभागाकडे असतो. अर्ज साधा, जागा, वेळ, फोटो, तुमचा नंबर, झालं. पोच मात्र घ्याच, नाहीतर 'तुमचा अर्जच नाही' हे ऐकायची तयारी ठेवा. आणि हे काम ठरलेल्या वेळेतच होतं, रात्री अकराला शेल्टरचं गेट वाजवून उपयोग नाही. रात्री फोन करा, वेदना कमी करायचं इंजेक्शन मिळू शकतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

अपघातात सापडलेलं जनावर जागेवरून हलवणंसुद्धा क्रूर ठरेल अशा अवस्थेत असेल आणि मालक नसेल किंवा ऐकत नसेल, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 आहे. पोलीस शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा पोलीस, म्हणजे हवालदारापासून पुढे, त्या भागातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावतो, डॉक्टर दाखला देतात आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. एवढं सगळं होईस्तोवर बिचाऱ्या जनावराचं काय होतं ते तुम्हीच बघा. पण म्हणून स्वतः काही करायला जाऊ नका, विष घालणं, मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

घरच्या कुत्र्याचं सोपं वाटतं पण तिथेही अडकतं. संमतीपत्रावर मालकाची सही लागते, आणि मालक म्हणजे ज्याच्या नावावर पालिकेचा परवाना किंवा लसीकरणाचं बुक आहे तो. मागे एक काका आले होते, चौदा वर्षांचा लॅब्राडॉर, किडन्या गेलेल्या, परवाना मुलाच्या नावावर आणि मुलगा न्यू जर्सीत. काका तीन दिवस हेलपाटे घालत होते. शेवटी मुलाने सही करून स्कॅन पाठवला, व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलला, तेव्हा झालं. आमच्याकडे हे चालतं, दुसरीकडे आधी विचारा. आणि रोज खायला घालणाऱ्या ताई मालक होत नाहीत, त्यांची सही संमती म्हणून घेता येत नाही.

दहा दिवसांचा हिशोब तर हमखास चुकतो. कुत्रं कुणाला चावलं असेल तर दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, कारण रेबीज असेल तर तेवढ्यात कळतं. हे दहा दिवस चावल्याच्या तारखेपासून मोजतात, शेल्टरला आणल्यापासून नाही. ही तारीख लपवू नका, सातव्या दिवशी घाईने झोपवलं तर चावलेल्या माणसाच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. (त्या माणसाने लस पहिल्याच दिवशी सुरू करायची, दहा दिवस वाट बघत बसायचं नाही.) रेबीजचा संशय असलेल्या भटक्याला तर हे शेवटचं इंजेक्शन देतच नाहीत, पालिकेचा पशुवैद्य आणि प्राणी संस्थेचा प्रतिनिधी बघतात, शक्यता दाट वाटली तर आपोआप मरेपर्यंत वेगळं ठेवतात. मला हा नियम बघायला फार जड जातो, पण नियम तो आहे.

प्रत्यक्ष वेळी काय विचारायचं? आधी गुंगी देणार का, आणि औषध कुठलं. नियमात शिरेतून पेंटोबार्बिटल किंवा दुसरी मान्य मानवीय पद्धत असं आहे. पेंटोबार्बिटल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतलं, त्यामुळे सहज मिळत नाही, बरेच डॉक्टर थायोपेंटल हे भुलीचं औषध वापरतात, ते ठीक. पण जाग्या कुत्र्याला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट टोचणारा कुणी भेटला तर तिथून उठा. दुसऱ्या जनावरासमोर करायचं नाही हाही नियमच आहे. पुढच्या पायाचे केस थोडे कापतात, सुई लावतात, काही सेकंदात मान सैल पडते. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा मोठा श्वास येतो, लघवी होते, तेव्हा 'अजून जिवंत आहे' म्हणून घाबरू नका, डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात, तोपर्यंत कुणी उचलायचं नाही.

त्यानंतर दाखला मागून घ्या, कारण, औषध, वेळ लिहिलेला, दहनाला बहुतेक ठिकाणी लागतो. मुंबईत मालाडला पालिकेची दहनभट्टी आहे. गावाला पुरायचं असेल तर खड्डा खोल घ्या, उघड्यावर टाकलं तर ते औषध मांसात राहतं आणि खाणारी घार, गिधाडं, दुसरी कुत्रीही मरतात. परवाना रद्द करायचा अर्जही त्याच आठवड्यात देऊन टाका, नाहीतर नूतनीकरणाचा मेसेज कुत्र्याच्या नावाने येत राहतो.