कार्यालयात आधार हजेरी मशीन बसवताना : पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि वायरींची जोडणी

सरकारी कार्यालयात 'थंब' मशीन येणार म्हटले की कामाची दोन टोके होतात. आस्थापना शाखा नस्ती चालवते आणि वायरमन भिंतीला भोके पाडतो. दोघांची गाठ पडते ती मशीन सुरू होईना तेव्हा. मग ज्यांची बोटे उमटत नाहीत त्यांच्या रजा कापल्या जातात, आणि वेळेवर आलेला माणूस दप्तरी गैरहजर ठरतो. म्हणून अर्ज आणि जोडणी ही एकाच कामाची दोन पावले समजून सोबतच करावीत. खालची सगळी माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

ही प्रणाली कोणती आणि कोणासाठी

आधारसंलग्न बायोमेट्रिक हजेरी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, उभी केली. २०१४ मध्ये दिल्लीतल्या केंद्रीय कार्यालयांपासून तिची सुरुवात झाली आणि २१ नोव्हेंबर २०१४ च्या ज्ञापनाने केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने ती आपल्या कार्यालयांना लागू केली. बोट लावले की ते जागच्या जागी न तपासता आधारच्या मुख्य नोंदीशी ताडले जाते. दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावता येत नाही, ही तिची खरी ताकद. मात्र इंटरनेट, वीज आणि यंत्र यांपैकी एकही बंद असेल तर ती चालत नाही.

केंद्र व राज्य सरकारची खाती, त्यांच्या अखत्यारीतल्या स्वायत्त संस्था, सार्वजनिक उपक्रम आणि स्थानिक स्वराज्य संस्था यात येऊ शकतात. नियमित, कंत्राटी, प्रतिनियुक्तीवरचे अशा सगळ्यांची नोंद करता येते. आधार क्रमांक मात्र हवाच. खासगी कारखाना, दुकान किंवा गृहनिर्माण संस्था यांना हा मार्ग सहसा खुला नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी वापराचा भाग रद्द केला. खासगी वैद्यकीय महाविद्यालये या प्रणालीत दिसतात ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या आदेशामुळे. इतर खासगी आस्थापनांनी आधारशी न जोडलेले साधे मशीन घ्यावे. त्याची जोडणी शेवटी दिली आहे.

कार्यालयाचा अर्ज

अर्ज अटेंडन्स डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर ऑनलाइन होतो. त्याआधी कार्यालयप्रमुखांच्या सहीने नोडल अधिकारी, म्हणजे कार्यालयात या प्रणालीचे काम पाहणारा अधिकारी, नेमल्याचा आदेश काढा. अर्जात कार्यालयाचे नाव, ते कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येते, पत्ता, आणि नोडल अधिकाऱ्याचे नाव, पदनाम, मोबाइल व सरकारी ईमेल भरावा लागतो. ईमेल सरकारीच लागतो. खासगी पत्त्यावर अर्ज अडतो. नोडल अधिकाऱ्याचा सरकारी ईमेल नसेल किंवा बंद पडला असेल तर आधी तो सुरू करून घ्या, कारण पुढचे लॉगिन त्याच पत्त्यावर येते.

सोबत ठेवायची कागदपत्रे थोडीच आहेत: कार्यालयप्रमुखांचे विनंतीपत्र, नोडल अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश, आणि कर्मचाऱ्यांची पदनाम व शाखानिहाय यादी. मंजुरीनंतर नोडल अधिकाऱ्याने पोर्टलवर आधी कार्यालयाची ठिकाणे, शाखा आणि पदनामे भरावीत. घाईत कर्मचाऱ्यांच्या नोंदी आधी केल्या की पदनामाच्या यादीत नेमके आपले पद सापडत नाही, लोक जवळचे काहीतरी निवडतात आणि नंतर सगळे दुरुस्त करत बसावे लागते.

कर्मचाऱ्याची नोंद : इथेच सर्वाधिक वेळ जातो

कर्मचाऱ्याने द्यायची माहिती साधी आहे. नाव, जन्मतारीख, लिंग, आधार क्रमांक, मोबाइल, ईमेल, पदनाम, शाखा आणि छायाचित्र. अट एवढीच की पहिल्या चार गोष्टी आधारवर आहेत तशाच जुळल्या पाहिजेत.

आपल्याकडे सेवापुस्तकात आडनाव आधी असते, मग स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव. आधारवर बहुतेकांचे स्वतःचे नाव आधी असते. लग्नानंतर सेवापुस्तकात नाव बदललेल्या अनेक महिला कर्मचाऱ्यांच्या आधारवर माहेरचे नाव तसेच असते. आस्थापना लिपिक सेवापुस्तकावरून नावे उतरवतो आणि नोंद फेटाळली जाते. म्हणून नोंद करताना समोर आधार ठेवा, सेवापुस्तक नव्हे. इंग्रजी स्पेलिंगही आधारवर आहे तेच ठेवा, मग ते तुम्हाला चुकीचे वाटले तरी.

जन्मतारखेचाही असाच गुंता होतो. काही जुन्या आधार कार्डांवर नुसते जन्मवर्ष छापलेले आहे. अशा कर्मचाऱ्याला आधार केंद्रावर जाऊन पुराव्यासह पूर्ण तारीख नोंदवून घ्यायला सांगा. आधारवरचे नाव सर्वसाधारणपणे दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे ही दुरुस्ती घाईने नको. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला हाताशी घेऊनच जावे. या कामासाठी कर्मचाऱ्याला कार्यालयाने अर्धा दिवस मोकळा द्यावा असे माझे ठाम मत आहे. मशीनची सक्ती कार्यालयाची आहे, तर त्यासाठी लागणारा वेळही कार्यालयाने द्यायला हवा.

नोंद नोडल अधिकाऱ्याने तपासली आणि आधारशी जुळली की कर्मचारी सक्रिय होतो व त्याला हजेरी क्रमांक मिळतो. बोटांचे ठसे कार्यालय साठवत नाही. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार मूळ बायोमेट्रिक माहिती कोणालाही देता येत नाही. हे कर्मचाऱ्यांना आधीच नीट सांगा. भीती अनेकदा माहिती न दिल्यामुळे असते.

यंत्र कोणते घ्यावे

बोटाचे ठसे घेणारा स्कॅनर आधार प्राधिकरणाकडे नोंदणीकृत आणि एसटीक्यूसी, म्हणजे केंद्र सरकारच्या चाचणी व गुणवत्ता संस्थेकडून, प्रमाणित हवा. पूर्वीची एल-झिरो श्रेणीची उपकरणे मोडीत निघाली आहेत. एल-वन श्रेणीच घ्या. एल-वनमध्ये ठशाचे कूटबद्धीकरण उपकरणाच्या आतच होते, संगणकापर्यंत उघडा ठसा पोहोचतच नाही. मंत्राचे एमएफएस ११०, स्टारटेकचे एफएम २२०यू एल-वन, मॉर्फोचे एमएसओ १३०० ई३ आरडी एल-वन ही त्यातली प्रचलित नावे. जुने एमएफएस १०० अजून दुकानांत दिसते. स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नका. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करताना निविदेत 'एल-वन' हा शब्द लिहा, आणि आरडी सर्व्हिसचा, म्हणजे स्कॅनरला आधारच्या पडताळणीशी जोडणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामचा, परवाना किती वर्षांचा आहे हेही नमूद करून घ्या. हा परवाना मुदतीचा असतो. मुदत संपली की धडधाकट स्कॅनर एका सकाळी बंद पडतो आणि सगळे केबल हलवत बसतात.

जोडणी

सगळ्यात आधी वीज. सरकारी इमारतीत नवा पॉइंट काढायचा तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेला पत्र द्या. पंख्याच्या बोर्डातून लोंबकळणारी एक्स्टेंशन वायर ही हजेरी मशीन बंद पडण्याची हमखास जागा आहे, कारण सफाई करताना कोणीतरी तीच पिन काढते. मशीनसाठी वेगळा सॉकेट, तोही यूपीएसवर असावा. राऊटर आणि नेटवर्क स्वीचही त्याच यूपीएसवर घ्या. संगणक सुरू आणि राऊटर बंद अशी अवस्था काहीच कामाची नाही. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून मोजून घ्या. जागा निवडताना पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आणि थेट ऊन पडणारा दरवाजा टाळा.

संगणकावर स्कॅनर लावायचा असेल तर ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस आधी इन्स्टॉल करा, केबल नंतर जोडा. स्कॅनरची यूएसबी केबल संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये थेट घाला. कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि स्कॅनर एकाच स्वस्त हबवर लावले की विजेचा पुरवठा अपुरा पडतो आणि स्कॅनरचा दिवा लुकलुकून विझतो. केबल लांबवायचीच असेल तर चांगल्या प्रतीची एक्स्टेंशन घ्या आणि एकूण लांबी ५ मीटरच्या आत ठेवा. केबल टेबलाच्या पायाला क्लिपने बांधा. दिवसभर माणसे बोट लावताना स्कॅनर आपल्याकडे ओढतात, त्या ओढीने पोर्ट सैल होतो.

मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी आपोआप निजवण्याची सोय बंद करा. दुपारच्या सुट्टीनंतर स्कॅनर दिसेनासा होण्यामागे बहुधा हेच कारण असते. संगणकाची तारीख-वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी ठेवा. ठशासोबत वेळेचा शिक्का जातो आणि तो चुकीचा असला की आधारकडून पडताळणी नाकारली जाते. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असेल तर रोज सकाळी घड्याळ मागे जाते. सेल बदलणे हाच उपाय.

आरडी सर्व्हिस संगणकावर १११०० ते १११२० यांपैकी एका पोर्टवर चालते. हे पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, तर प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याचा क्रमांकित मार्ग. अँटीव्हायरस किंवा फायरवॉल हे पोर्ट अडवत असेल तर स्कॅनर जोडलेला असूनही हजेरीचा प्रोग्राम 'उपकरण सापडले नाही' असेच म्हणतो. कार्यालय स्वानवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्वतःच्या संगणक जाळ्यावर, असेल तर उपकरण कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा मार्ग खुला करण्यासाठी नेटवर्क कक्षाला वेगळे पत्र द्यावे लागू शकते. हे पत्र पहिल्याच दिवशी द्या, कारण सगळ्यांत जास्त वाट याच उत्तराची पाहावी लागते.

भिंतीवरचा टॅबलेट असेल तर स्कॅनर ओटीजी केबलने, म्हणजे टॅबलेटला यूएसबी उपकरण लावता येणाऱ्या केबलने, जोडला जातो. चार्जिंग आणि ओटीजी दोन्हींसाठी एकच पोर्ट असलेला टॅबलेट घेतला तर दिवसभरात बॅटरी उतरते. दोन्ही एकाच वेळी चालणारा स्टँड किंवा केबल सोबत मागवा. उंची व्हीलचेअर वापरणाऱ्यालाही हात पोहोचेल अशी ठेवा. उंच लावलेले मशीन बघून मला खरोखर वाईट वाटते, कारण हे सुधारायला पैसे लागत नाहीत.

लॅन केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या, एका ओढीची लांबी १०० मीटरच्या आत. ती विजेच्या वायरसोबत एकाच केसिंग पट्टीत नेऊ नका. दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, म्हणजे स्वीचवर कोणती केबल हजेरीची आहे ते पुढच्या माणसालाही कळेल.

हे सगळे झाल्यावर नोडल अधिकाऱ्याच्या लॉगिनमधून त्या ठिकाणासाठी ॲक्टिव्हेशन कोड काढून मशीन सक्रिय करा. पहिल्या आठवड्यात मस्टर बंद करू नका. दोन्हीकडे हजेरी घ्या आणि रोज ताडून पाहा.

बोट जुळत नसेल तर

मशीनवर येणारा त्रुटी क्रमांक वाचा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतःच आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवले आहे. ते एम-आधार ॲपवरून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून उघडता येते. यात यंत्राचा किंवा केबलचा काही दोष नाही.

सफाई कामगार, माळी, स्वयंपाकी, प्रयोगशाळेतले मदतनीस यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यांना रांगेत दहा वेळा बोट घासायला लावू नका. दहाही बोटे करून पाहून सर्वांत चांगले उमटणारे बोट ठरवा, आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवून घ्या. तरीही जमत नसेल तर बुबुळाचा स्कॅनर किंवा चेहऱ्यावरून पडताळणीचा पर्याय वापरा. चेहऱ्याची हजेरी आधार फेस आरडी हे ॲप असलेल्या मोबाइलवरून लागते. वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये १ मे २०२५ पासून हीच पद्धत आणली गेली. हे सगळे होईपर्यंत त्या व्यक्तीची हजेरी रजिस्टरवर घ्यावी, असा लेखी कार्यालयीन आदेश काढा. तोंडी आश्वासनावर वेतन अवलंबून ठेवणे अन्यायाचे आहे. केंद्रीय कार्यालयांत एका उशिराला अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा जाते आणि योग्य कारण असेल तर महिन्यातून दोनदा, तासाभरापर्यंतचा उशीरच माफ करता येतो. इतका काटेकोर हिशेब असताना मशीनच्या दोषाची नोंद कुठेतरी असायलाच हवी. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांची वेळ पाच दिवसांच्या आठवड्यापासून, म्हणजे २९ फेब्रुवारी २०२० पासून, सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी आहे. ९.४० ला सगळे एकाच मशीनसमोर उभे राहणार हे धरून मशीनची संख्या ठरवा.

आधारविना चालणारे मशीन

खासगी आस्थापनांत भिंतीवरचे स्वतंत्र मशीन असते. त्याला बहुधा १२ व्होल्ट डीसी लागते. ॲम्पियर मशीनच्या लेबलवर पाहा आणि सोबत आलेलाच अडॅप्टर वापरा. लॅन केबलमधूनच वीज देण्याची सोय प्रत्येक मॉडेलला नसते. दाराचे चुंबकीय कुलूप जोडताना त्याला वेगळा वीजपुरवठा द्या, वायर मशीनमधल्या रिलेच्या, म्हणजे इशाऱ्यावर चालणाऱ्या स्वीचच्या, कॉम (सामाईक) आणि एनसी (एरवी जोडलेले) टोकांना लावा, म्हणजे मशीनने इशारा देताच वीज तुटून दार उघडते. कुलुपाच्या टोकांवर उलट दिशेने एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावला नाही तर वीज तुटताना येणारा झटका रिले खराब करू शकतो. आतल्या बाजूला बाहेर पडण्याचे बटण आणि आगीच्या वेळी कुलपाची वीज तोडणारी सोय हवीच. कर्मचाऱ्यांचे ठसे इथे मशीनमध्ये किंवा कंपनीच्या संगणकावर राहतात, म्हणून त्यांची लेखी संमती घ्या आणि नोकरी सोडणाऱ्याची नोंद पुसा.

बदली, निवृत्ती, परवाना

एका आधार क्रमांकावर प्रणालीत एकच नोंद राहते. बदली झालेल्या कर्मचाऱ्याची जुन्या कार्यालयाने पोर्टलवरून बदली नोंदवली नाही तर नव्या कार्यालयात त्याची नोंदच होत नाही. कार्यमुक्तीच्या आदेशाची एक प्रत नोडल अधिकाऱ्याला पाठवण्याची पद्धत पाडा. निवृत्त कर्मचाऱ्याची नोंद त्याच महिन्यात निष्क्रिय करा. नोडल अधिकाऱ्याचीच बदली झाली तर लॉगिन, उपकरणांचे अनुक्रमांक, आरडी परवान्याच्या मुदतीच्या तारखा आणि केबलचा नकाशा प्रभार यादीत लिहून हस्तांतरित करावेत.