मोटार अपघातातील डोक्याची व मेंदूची इजा

मोटार अपघातात टाळूची त्वचा, कवटी किंवा मेंदू यांना होणारी इजा. बोलताना या सगळ्याला ‘डोक्याला मार लागला’ असेच म्हटले जाते. पण बाहेरची जखम आणि आतली इजा यांचा मेळ बसतोच असे नाही. टाळूला रक्तपुरवठा भरपूर असल्याने साधी खोकही भळभळ वाहते आणि पाहणाऱ्यांची गाळण उडते. उलट, अंगावर ओरखडाही नसलेल्या माणसाच्या मेंदूला जबर मुका मार बसलेला असू शकतो.

प्रौढाचा सुमारे १.४ किलोचा मऊ मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो. गाडी आदळून थांबते, पट्टा शरीराला थोपवतो, मेंदू मात्र क्षणभर पुढेच जात राहतो आणि कवटीवर आपटतो. कधी समोरच्या बाजूला, कधी विरुद्ध बाजूलाही तो ठेचला जातो. डोक्याला जोराचा हिसका बसून ते गर्रकन फिरले, तर मेंदूतले लांब चेतातंतू ताणले जातात. अशा वेळी रुग्ण बेशुद्ध असूनही पहिला सीटी स्कॅन जवळपास निर्दोष दिसू शकतो.

सर्वांत फसवा प्रकार कानशिलाजवळच्या रक्तस्रावाचा. तिथले हाड पातळ असते. ते मोडले की आतल्या बाजूने जाणारी धमनी फाटू शकते. काही रुग्ण शुद्धीवर येतात, नाव-गाव सांगतात, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत उठून बसतात. दरम्यान कवटी आणि मेंदूचे आवरण यांमध्ये रक्त साचत असते. काही तासांत डोकेदुखी वाढते, ग्लानी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. वृद्धांमध्ये आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये आवरणाखाली हळूहळू साचणारे रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ लागते. तोवर घरचे अपघात विसरलेले असतात.

तीव्रता मोजण्यासाठी १९७४ साली मांडलेली ग्लासगो कोमा मापनश्रेणी वापरतात. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण. ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. ‘सौम्य’ इजेत शुद्ध हरपलेली असतेच असे नाही, आणि हा शब्द रुग्णाला नेहमी सौम्य वाटतो असेही नाही.

पहिल्या आघाताने मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उपचारांचा भर त्यानंतरचे नुकसान रोखण्यावर असतो: श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू व रक्तदाब घसरू न देणे, कवटीतला दाब आटोक्यात ठेवणे. मानेलाही इजा असू शकते, म्हणून जखमीला ओढून उठवू नये. वारंवार उलट्या, झटके, नाक-कानातून पाण्यासारखा द्रव, वाढती गुंगी यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बरे झाल्यावरही विसराळूपणा, थकवा, उजेड सहन न होणे मागे राहू शकते. कपाळामागच्या भागाला इजा झालेला शांत माणूस चिडका किंवा बेफिकीर होऊ शकतो. हा बदल बहुधा त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही; तो घरच्यांना जाणवतो.