गरीब असणं वेगळं, विषमता वेगळी: कोर्टात दोन्ही कशा नडतात

"गरिबाला न्याय मिळत नाही" असं आपण सहज बोलून जातो आणि त्यात दोन वेगळ्या भानगडी एकत्र करून टाकतो. गरिबी म्हणजे खिशात पैसेच नसणं. विषमता म्हणजे तुमच्या आणि माझ्या खिशातलं अंतर, मग माझं भागत का असेना. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, म्हणून हे वेगळं करून बघायचं.

आधी गरिबी. अमेरिकेत जॉर्जियामध्ये एकाला ५०० डॉलर दंड आणि वर २५० डॉलर नुकसानभरपाई भरायला सांगितली. पहिले २०० त्याने उसने आणून भरले, मग महिन्याभरात कामावरून काढलं, शिक्षण जेमतेम, दुसरं काम मिळेना, उरले ५५० आणि त्या ५५० पायी गडी तुरुंगात. १९८३ साली बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया खटल्यात तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की बाबांनो, हा मुद्दाम भरत नाहीये की खरंच भरू शकत नाहीये ते आधी विचारा, नुसतं पैसे नाहीत म्हणून आत टाकता येणार नाही. या गोष्टीत श्रीमंत माणूस कुठेच नाही बघा. ही निव्वळ गरिबी.

आपल्याकडे १९७९ चं हुसैनारा खातून प्रकरण त्याच जातीचं. बिहारच्या तुरुंगात असे कच्चे कैदी निघाले की गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती तरी एव्हाना सुटले असते, पण जामिनाची ऐपत नाही म्हणून खटला सुरू व्हायच्या आधीच वर्षानुवर्षं आत.

आता समजा कोणीच गरीब नाही, सगळे दंड भरू शकतात. तरी गाडी जोरात चालवल्याचा एकच ठरलेला दंड एकाचा आठवड्याचा पगार खातो आणि दुसऱ्याला तो कापला गेल्याचा मेसेजसुद्धा वाचावासा वाटत नाही. त्याच्यासाठी तो दंडच नाही, जोरात जायची फी आहे. ही विषमता, आणि हप्ते बांधून दिले, माफी दिली तरी ती जात नाही. फिनलंडने १९२१ मध्येच दंड दिवसाच्या कमाईवर मोजायला सुरुवात केली. २००२ मध्ये नोकियाचे अधिकारी आन्सी वान्योकी यांना ५० च्या रस्त्यावर ७५ ने मोटरसायकल चालवल्याबद्दल १ लाख १६ हजार युरो लागले! नंतर उत्पन्न घटल्याचं दाखवल्यावर तो दंड भरपूर कमीही झाला, म्हणजे हिशोब दोन्ही बाजूंनी चालतो. मला हे आवडतं.

रोख जामिनात मात्र दोन्हीचा गुंता होतो. ज्याच्याकडे रक्कम नाही तो आत (गरिबी), आणि जास्त धोकादायक असूनही रक्कम फेकू शकतो तो बाहेर (विषमता). आत बसलेल्याची नोकरी जाते, घरभाडं थकतं, आणि मग कोणीतरी सांगतं की गुन्हा कबूल कर, आजच घरी जा. निर्दोष माणूसही सही करतो हो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्ण बंद केला तो याचसाठी.

आणि वकील. १९६३ च्या गिडियन निकालानंतर अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चाने वकील द्यावाच लागतो. गरिबीचं भोक बुजलं, निदान कागदावर. पण त्या वकिलाकडे फायलींचा ढीग, आणि पैसेवाल्याच्या वकिलाकडे दोन ज्युनिअर, स्वतःचा तपास करणारा, स्वतःचा तज्ज्ञ. अंतर तसंच. यात सगळ्यात दुर्लक्षित मला मधला माणूस वाटतो, ज्याची कमाई फुकट वकिलाच्या मर्यादेपेक्षा जेमतेम वर आहे. तो गरीब नाही, म्हणून मदत नाही. घर गहाण टाकून वकील करतो, चार वर्षांनी निर्दोष सुटतो, आणि कर्जाचे हप्ते पुढे चालूच राहतात.